वाचकांचे प्रश्न : वीरांचे स्मृतिवन आणि त्याची राखण

गावोगावच्या स्मृतिवनांविषयी गेल्या काही महिन्यांत वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. तालुका आणि जिल्हा तेवढा दिला आहे.

प्रश्न : आमच्या गावातील हुतात्मा जवानांच्या स्मरणार्थ चार वर्षांपूर्वी कारगिल विजय दिनी माळावर सुमारे दोन एकरांत स्मृतिवन केले. गुलमोहर, अशोक, सप्तपर्णी आणि बदाम अशी दोनेकशे रोपे लावली; त्यांतील निम्मीही आज उरलेली नाहीत. माजी सैनिक आणि तरुण मंडळ श्रमदानाला तयार आहेत, पण कार्यक्रम झाला की माळावर कोणी फिरकत नाही. सुरुवात कोठून करावी? (खटाव, जि. सातारा)

उत्तर : रोपे गेल्याचे खापर पावसावर फोडण्याआधी ती कोणती होती हे पाहिले पाहिजे. आपण लिहिलेली चारही झाडे रोपवाटिकेत टवटवीत आणि स्वस्त मिळतात, म्हणून समारंभाच्या आदल्या दिवशी टेम्पोत तीच भरली जातात. परंतु खटाव-माणचा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा पाऊस, आणि माळावर वीतभर मातीखाली मुरूम. अशा जागी पाणी घालणारा हात थांबला की सप्तपर्णी आणि अशोक पहिल्याच उन्हाळ्यात माना टाकतात. तेथे कडुनिंब, हिवर, बोर, आपटा, पळस, वावळ, काळा शिरीष, खैर आणि अंजन ही झाडे तग धरतात. ओढ्याची ओल जवळ असेल तर करंज आणि अर्जुन लावावेत. अंजन सुरुवातीची काही वर्षे इतका सावकाश वाढतो की स्वयंसेवकांचा धीर सुटतो, पण त्या काळात तो मूळ खोल नेत असतो आणि एकदा उभा राहिला की मुरमाड जमिनीत त्याच्यासारखे चिवट झाड विरळा. उरलेले गुलमोहर मात्र लगेच काढू नयेत. नवी रोपे सावली धरेपर्यंत त्यांना राहू द्यावे.

खड्डे पावसाच्या तोंडावर घाईने घेऊ नयेत. एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, तेवढेच रुंद आणि तेवढेच खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यावेत, मग चांगली माती आणि कुजलेले शेणखत घालून भरावेत. माळाला उतार असेल तर त्याला आडवे सलग समतल चर काढावेत आणि रोपे चराच्या खालच्या अंगाला लावावीत, म्हणजे पडलेला पाऊस तेथेच मुरतो. रोपाभोवती वाळलेल्या गवताचे आच्छादन जरूर घालावे, परंतु ते बुंध्याला भिडवू नये. वाळवी आच्छादनातून सरळ सालीवर चढते.

कार्यक्रमानंतर माणसे फिरकत नाहीत, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. यावर एक उपाय आपल्या हाताशीच आहे. ज्या राष्ट्रीय दिवसांना गाव तसेही एकत्र येते, ते दिवस झाडांच्या वेळापत्रकाशी चांगलेच जुळतात. १ मे या महाराष्ट्र दिनी खड्डे पुरे करावेत. २६ जुलै हा कारगिल विजय दिन ऐन पावसाळ्यात येतो; त्या दिवशी नांगे भरावेत, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावावीत. १५ ऑगस्टला ध्वजवंदन झाल्यावर खुरपणी करून आळी नीट करावीत. १६ डिसेंबरच्या, १९७१ च्या युद्धाची आठवण असलेल्या विजय दिनापर्यंत कुसळी गवत वाळलेले असते. त्या दिवशी गवत कापून वनाच्या चारही बाजूंनी जाळरेषा, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, काढावी. २६ जानेवारीपासून पाण्याच्या पाळ्या सुरू कराव्यात आणि पहिला पाऊस येईपर्यंत प्रत्येक लहान रोपाला आठवड्याला घागरभर पाणी मिळेल असे पाहावे. जाळरेषेचे काम कंटाळवाणे असते आणि त्याचा फोटोही कोणी काढत नाही, परंतु ते चुकले तर पाच वर्षांचे श्रम एका दुपारी जातात. गवत जाळले की पुढच्या वर्षी ते जोमाने येते, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की वणवा शेजारच्या रानातून केव्हा येईल याचा भरवसा नसतो.

शेळ्या-मेंढ्यांसाठी तारेचे कुंपण महाग पडते आणि चोरीलाही जाते. बांधावर घायपात, शेर, चिल्हार किंवा सागरगोटा लावून त्यांचे जिवंत कुंपण होऊ द्यावे आणि ते दाट होईपर्यंत बाहेरून चर खणावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जी कुटुंबे त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या जनावरे चारत आली त्यांच्याशी आधी बोलावे. हिवरे बाजारने चराईबंदी केली तेव्हा गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली होती. तोच मार्ग येथेही चालेल. गवत कापून नेणाऱ्या माणसाला वणव्याची काळजी आपोआप लागते.

रोपांना क्रमांक देऊन एक नोंदवही ठेवावी आणि प्रत्येक ओळ एकेका घराकडे किंवा बचत गटाकडे सोपवावी. वही आणि हजेरीपट शक्यतो निवृत्त सुभेदार किंवा हवालदार यांच्याकडे द्यावा. मग श्रमदानाला उशिरा येणाऱ्यांची संख्या बरीच घटते, असा अनेक गावांचा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक हुतात्म्याच्या नावाने एक झाड असून नावाची पत्र्याची पाटी झाडालाच खिळ्याने ठोकली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांतील एक झाड वाळले. वीरमातेला फार वाईट वाटले. त्या जागी दुसरे झाड लावावे की नाही, यावर गावात दोन तट पडले आहेत. (कवठेमहांकाळ, जि. सांगली)

उत्तर : लावावे, परंतु मंडळाने परस्पर लावू नये. त्या माउलीच्या घरी जाऊन तिला विचारावे, कोणते झाड हवे ते तिला निवडू द्यावे आणि तिची इच्छा असल्यास रोपही तिच्याच हातून लावून घ्यावे. एवढ्याने हा प्रसंग निभावेल.

मूळ अडचण मात्र त्याने मिटणार नाही. एक नाव आणि एक झाड अशी जोडी बांधली की झाडाचे आजारपण, कीड, वीज, दुष्काळ हे सगळे त्या घराच्या दारात जाते. जे मरणारच आहे त्यावर जे मरू नये ते टांगून ठेवणे योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. नावे दगडावर असावीत आणि झाडे सर्वांची मिळून असावीत.

हा प्रश्न जगात इतरत्रही येऊन गेला आहे. ऑस्ट्रेलियातील बॅलरट या शहराबाहेर १९१७ ते १९१९ या काळात एका कपड्याच्या कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या पुढाकाराने सुमारे बावीस किलोमीटर लांबीच्या रस्त्याच्या दुतर्फा जवळजवळ ३,८०० झाडे लावण्यात आली. त्या परिसरातून पहिल्या महायुद्धासाठी भरती झालेल्या प्रत्येकासाठी, मग तो परत आलेला असो वा नसो, भरतीच्या क्रमाने एकेक झाड. शंभर वर्षांत त्यांतील अनेक झाडे गेली आणि बदलावी लागली. त्याच देशातील पर्थच्या किंग्ज पार्कमध्ये १९१९ साली स्मरणवीथी सुरू झाली, तेव्हा विलायतेच्या आठवणीने ओक लावले होते. तेथील कोरड्या, वाळूच्या जमिनीत ते रुजले नाहीत आणि पुढे त्याच देशातील निलगिरीच्या जातीची झाडे लावावी लागली. तेथे नावे टिकली, कारण ती झाडांना ठोकलेली नव्हती. प्रत्येक झाडाच्या पायथ्याशी वेगळा फलक आहे. असे सोळाशेहून अधिक फलक असून त्यांची निगा स्वयंसेवकांचा एक गट राखतो. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधील ॲलरवास येथे वाळू-खडीच्या जुन्या खाणींच्या जागेवर २००१ मध्ये खुले झालेले राष्ट्रीय स्मृतिवन यापुढे एक पाऊल गेले आहे. तेथे दीडशे एकरांत हजारो झाडे आहेत आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सेवेत मृत्यू आलेल्या सोळा हजारांहून अधिक जणांची नावे मात्र एका वर्तुळाकार वास्तूच्या दगडी भिंतींवर कोरलेली आहेत. तेथे झाड वाळले तर ते काढून दुसरे लावणे हे माळीकाम असते. कोणाच्या घरी निरोप धाडावा लागत नाही.

आणि खरे तर यासाठी इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याकडे लढाईत किंवा गावाचे गोधन राखताना पडलेल्यांसाठी वीरगळ, म्हणजे कोरीव स्मृतिशिळा, उभारण्याची रीत कित्येक शतकांची आहे. खालच्या कप्प्यात झुंज, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, हे सारे पाषाणात. यांतील किती तरी वीरगळ आजही देवळाच्या आवारात किंवा देवराईच्या सावलीत उभे आहेत. देवराईतले कोणतेही झाड अमक्याचे नसते. सगळी राई देवाची असते, म्हणूनच तिच्यातली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही असा दंडक चालत आला. एखादे जुने झाड कोसळले तरी राई मोडत नाही. वीरांच्या वनासाठी याहून चांगला नमुना आम्हाला सुचत नाही.

तेव्हा वनाच्या प्रवेशाशी काळ्या पाषाणाची एक शिळा उभारावी आणि त्यावर नावे खोल कोरून घ्यावीत; नुसती रंगवलेली अक्षरे दोन-तीन पावसाळ्यांत पुसट होतात. नावांपुढे हुद्दा लिहायला हरकत नाही, पण नावांचा क्रम हुद्द्यावरून लावू नये. वीरमरणाच्या तारखेवरून लावावा. आधीपासून जोडलेली झाडे कुटुंबांच्या मनात घर करून असतील तर त्या पाट्या एकदम काढू नयेत. त्या झाडावरून उतरवून पायथ्याशी, बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर, दगडात बसवाव्यात.

खिळे मात्र लगोलग निघालेच पाहिजेत. झाडाचे अन्न आणि पाणी वाहून नेणारे थर सालीच्या अगदी लगत असतात. खिळा तेथेच जखम करतो आणि त्या जखमेतून बुरशी व किडे आत शिरतात. शिवाय बुंधा जाड होत जातो आणि खिळा जागेवरच राहतो. पाच-सहा वर्षांपूर्वी ठोकलेली पाटी आपण नीट पाहिली तर तिचे कोपरे वर उचललेले आणि मधला भाग सालीत रुतलेला दिसेल. काही ठिकाणी तर नावाची पहिली दोन अक्षरे झाडाने गिळलेली असतात. लोखंडी जाळ्यांचेही तेच. रोप मनगटाएवढे जाड झाले की जाळी काढावी. ती तशीच राहिली तर काही वर्षांनी तिच्या सळ्या बुंध्यात रुततात आणि कापून काढाव्या लागतात.

प्रश्न : आमच्या टेकडीवरील स्मृतिवनात नव्या देणगीतून बुंध्यांना तिरंगी ऑइलपेंट, झाडांभोवती पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे आणि सेल्फी पॉइंट करण्याचे ठरत आहे. काही सभासदांचा विरोध आहे. आपले मत काय? (हवेली, जि. पुणे)

उत्तर : आमचे मत विरोध करणाऱ्यांच्या बाजूने आहे. बुंध्याच्या सालीवर बारीक रंध्रे असतात आणि त्यांतून झाडाचा श्वास चालतो. ऑइलपेंटचा थर ती बुजवतो. पूर्वापार चालत आलेला चुना-गेरूचा हात तुलनेने निरुपद्रवी आहे, कारण तो पावसात धुऊन जातो. राष्ट्रध्वजाचे रंग सालीबरोबर सुटून पायदळी पडणे हे ध्वजाच्या मानाला शोभणारेही नाही. त्यापेक्षा एक नीट ध्वजस्तंभ उभारावा. पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवले की पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही. चालण्याची वाट हवी असेल तर ती मुरमाची, पाणी मुरू देणारी असावी आणि जुन्या झाडांना वळसा घालून जावी.

देणगी खर्च करायचीच असेल तर पाण्याची टाकी, ठिबकच्या नळ्या, उन्हाळ्याच्या चार महिन्यांसाठी एक पगारी राखणदार आणि ज्येष्ठांसाठी सावलीत दोन-चार दगडी बाक, हा क्रम ठेवावा. श्रमदानावर सगळे चालते असे आपण म्हणतो खरे, पण मे महिन्यात रोज सकाळी टेकडी चढून पाणी घालणारा माणूस बहुधा पगारी असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाचे रान माजलेले असते. आपल्या वनातही ते असेल, तर सरसकट तोड न करता जागोजागी मोकळी जागा करून तेथे देशी रोपे वाढवावीत आणि ती डोक्याबरोबर उंच झाली की पुढची पट्टी घ्यावी. तोडीपूर्वी परवानगी घेणे मात्र बंधनकारक आहे. शहरी भागात १९७५ चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा कायदा लागू होतो. ग्रामीण भागात १९६४ चा झाडे तोडण्याच्या विनियमनाचा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीतील झाडांना हात लावण्याआधी परवानगी लागते. टेकडी वनखात्याच्या ताब्यातील असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय रोपही लावता येणार नाही.

प्रश्न : गायरानावर स्मृतिवन करण्याचा ठराव ग्रामसभेत तोंडी झाला आहे. काम सुरू करावे का? (सिन्नर, जि. नाशिक)

उत्तर : तोंडी ठरावावर कुदळ मारू नये. सातबारा उतारा काढून जमीन नेमकी कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि गायरानाच्या वापरात बदल होत असल्याने तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर प्रस्ताव पाठवावा. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिलेल्या निकालानंतर गायरानाबाबत प्रशासन फार सावध झाले आहे. हुतात्म्यांच्या नावाने केलेल्या कामावर उद्या कोणी अतिक्रमणाचा अर्ज टाकावा, अशी वेळ येऊ देऊ नये. एरवी मोकळ्या जागेत झाडे राखणे गायरानाच्या मूळ हेतूच्या विरोधात जात नाही, पण चौथरा, सभामंडप आणि कमान यांचे बांधकाम सुरू झाले की तक्रार येतेच. रोपांसाठी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवावी.

प्रश्न : आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले आणि परत आले नाहीत. गावच्या स्मृतिवनात फक्त १९४७ नंतरच्या जवानांची नावे आहेत. पणजोबांचेही नाव घेतले जावे अशी घरच्यांची इच्छा आहे. काहींचे म्हणणे असे की ते इंग्रजांच्या फौजेत होते. पुरावा कोठे मिळेल? (वाळवा, जि. सांगली)

उत्तर : कोणाची नावे घ्यायची हा निर्णय गावाचा आहे, तो एकदा सर्वांदेखत करून लिहून ठेवावा, म्हणजे प्रत्येक नावाच्या वेळी वाद होत नाही. आमच्या मते आपल्या पणजोबांचे नाव घ्यावे. पोटासाठी, घराण्याच्या रिवाजाने किंवा दुष्काळाच्या रेट्याने पलटणीत गेलेल्या शेतकऱ्याच्या पोराला सरकार कोणते असावे हे कोणी विचारले नव्हते. साताऱ्याजवळचे अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात, त्या गावातील ४६ जण त्याच महायुद्धात कामी आले आणि गावाने त्यांचा स्मृतिस्तंभ आजवर अभिमानाने जपला आहे.

मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठ्यांच्या अनेक पलटणी होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या; २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली आणि पुढे कैदेच्या वाटेवर पुष्कळ शिपाई मेले. त्या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही त्यांच्यासाठी बसरा येथे स्मारक झाले. युद्धात पडलेल्यांच्या कबरी व नावांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचे तत्त्व हुद्दा, वंश आणि धर्म यांवरून भेद न करण्याचे होते. तरीही बसऱ्याच्या भिंतींवर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची पलटणवार केवळ संख्या. २०२१ मध्ये या संस्थेने नेमलेल्या समितीच्या अहवालाने अशा विषम वागणुकीची कबुली दिली. आपल्या पणजोबांचे नाव त्या दगडावर नसण्याचे कारण बहुधा हेच असेल.

कमिशनच्या नोंदवहीत मात्र नाव असण्याची शक्यता चांगली आहे. कमिशनच्या संकेतस्थळावर नाव, पलटण किंवा शिपाई क्रमांकावरून शोध घेता येतो. आडनावावर विसंबू नये. त्या काळच्या नोंदींत बहुतेकदा शिपायाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा एवढेच असते, तेही इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे. एकाच नावाच्या चार-पाच वेगवेगळ्या वर्तन्या करून पाहाव्यात आणि वडिलांच्या नावाशी ताडून घ्याव्यात. घरात जुनी पदके असतील तर त्यांची कड भिंगाखाली पाहावी; पहिल्या महायुद्धाच्या बहुतेक पदकांवर तेथे क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक ब्रासोने घासण्याचा मोह आवरावा, कारण कडेची बारीक अक्षरे घासून घासून जातात. स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि संबंधित रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय यांच्याकडे अर्ज करावा. सर्व नावे गोळा झाल्यावर कारागिराला देण्याआधी यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर महिनाभर लावावी आणि प्रत्येक घराकडून नावाची वर्तनी तपासून सही घ्यावी. दगडात कोरलेली वेलांटी दुरुस्त करायची म्हणजे सगळी शिळाच पुन्हा घासावी लागते.